धनी घरात

१

आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात दर सोमवारी दुपारी बाराच्या ठोक्याला प्रिंटर आपोआप सुरू व्हायचा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर; त्याची खरखर एवढी की शेजारच्या टायपिंग क्लासचे मास्तर खिडकी लावून घ्यायचे. मला मात्र तो आवाज ऐकून बरं वाटायचं. माझा हात न लागता माझंच काम होत असायचं, आणि मी खुर्चीत बसून डबा खात असायचो.

सन अठ्ठ्याण्णवची गोष्ट आहे. आमची संस्था पाणी तपासायची. मुख्य ऑफिस सांगलीत, आणि सातारा, वडूज, खंडाळा इथे तीन केंद्रं. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून केंद्रावर यायचं, तिथला अहवाल फोनच्या तारेवरून सांगलीला यायचा आणि शेवटी त्यावर माझी सही व्हायची. शाईची नव्हे. प्रत्येक केंद्राच्या संगणकात तिथल्या जबाबदार माणसाची एक गुप्त किल्ली होती, म्हणजे लांबलचक आकड्यांची एक फाइल. ती लावली की अहवालावर अशी खूण बसायची, जी दुसऱ्या कुणाला करता यायची नाही. नंतर कुणी अहवालातला एक आकडा जरी बदलला, तरी ती खूण मोडायची. एखादी विहीर पिण्यास अयोग्य ठरली की गावात बरेच जण नाराज होतात, म्हणून हा सगळा खटाटोप.

ही किल्लीसुद्धा कुलपात असते, आणि ते कुलूप एका वाक्याने उघडतं. वाक्य लांब हवं, कुठे छापलेलं नको आणि झोपेतही आठवायला हवं. पहिल्या वर्षी लोकांनी पोरांची आणि देवांची नावं ठेवली. ती मी एका दुपारीत ओळखून दाखवली. मग मला युक्ती सुचली: उखाणा ठेवा. पण चारचौघांत घेतलेला नाही, स्वतः रचलेला आणि एकाच माणसाला ठाऊक असलेला. वडूजच्या केंद्रावरच्या विजयमालाताई हे ऐकून लाजून लाल झाल्या होत्या, पण त्यानंतर कुणीही वाक्य विसरलं नाही. आणखी दोन नियम मी घातले होते. वाक्य तीनदा चुकलं की दार बंद. आणि किल्ली फुटल्याचा, म्हणजे दुसऱ्याला कळल्याचा, नुसता संशय आला तरी ती बदलायची.

सोमवारी बाराला चालणारा प्रोग्राम मीच लिहिला होता. नाव ठेवलं रखवालदार. तो एकेका केंद्राला आपणहून फोन लावायचा आणि किल्ली तपासायचा. लांबी बरोबर आहे का, फाइल परक्या माणसाला वाचता येते का, शेवटची कधी उघडली. किल्लीच्या आत बघण्याचा अधिकार त्यालाही नव्हता. बाहेरून कुलूप हलवून बघायचं, एवढंच त्याचं काम. शेवटी मी गंमत म्हणून एक ओळ घातली होती. किल्लीचा मालक त्या घटकेला संगणकावर हजर असेल तर ‘धनी घरात’, नसेल तर ‘धनी बाहेर’. आमच्याकडे मालकालाही धनी म्हणतात आणि नवऱ्यालाही. माझी बायको अंजना हे ऐकून इतकी हसली होती की तिला ठसका लागला.

तिचा उखाणाही सांगून टाकतो, आता लपवून काही उपयोग नाही. आमचं लग्न झालं त्या दिवशी घरात शिरताना माझ्या बहिणीने रीतीप्रमाणे दार अडवलं: नाव घ्या, मग आत या. अंजनाने ऐकीव उखाणा घेतला आणि दार उघडलं. खरा उखाणा तिने महिन्याभराने स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता घेतला, मला एकट्याला.

वडूजच्या माळावर एकच बाभळीचं झाड,
कपिलराव घोरले की हलतं घराचं कवाड.

मी घोरत नाही, असं माझं ठाम म्हणणं होतं. घोरणाऱ्याला ते ऐकू येत नसतंय, असं तिचं. उखाणा मात्र मला एवढा आवडला की मी तोच माझ्या किल्लीला लावला.

२

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी वडूजचं मोडेम बसलं म्हणून मी पहाटेच्या एस.टी.ने तिकडे गेलो. ऑफिसला त्या दिवशी कुलूपच होतं, कारण आमचे प्रमुख सयाजीराव साताऱ्याला मीटिंगला गेले होते. विटा, मायणी करत मी दहाला पोचलो. बारा वाजता विजयमालाताईंच्या टेबलाखाली स्क्रू ड्रायव्हर घेऊन पालथा पडलो होतो. हे मी एवढ्यासाठी सांगतो, की त्या वेळी मी कुठे होतो याला साक्षीदार आहे.

मंगळवारी सकाळी ऑफिस उघडलं आणि प्रिंटरमधून लोंबणारा कागद फाडून घेतला. सातारा ठीक, धनी घरात. खंडाळा ठीक, धनी बाहेर. वडूज, लाइन लागली नाही. आणि शेवटी सांगली. किल्ली ठीक, शेवटची उघडली बारा वाजून सात मिनिटांनी, धनी घरात.

सांगलीचा धनी म्हणजे मी.

पहिल्यांदा वाटलं, संगणकाचं घड्याळ चुकलं असेल. घड्याळ मिनिटाला मिनिट बरोबर होतं. मग वाटलं, शनिवारी मी संगणक तसाच उघडा टाकून गेलो असेन. पण शनिवारी मी रखवालदारापुरता संगणक चालू ठेवून स्वतः त्यातून बाहेर पडलो होतो आणि पडद्यावर कापड टाकलं होतं, आणि आता ते कापड घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं होतं. कापडाची घडी मी नेहमी तशीच घालतो, चार पदरी.

सोमवारी दुपारी माझ्या किल्लीने तीन अहवालांवर सह्या झाल्या होत्या. मी तिन्ही काढून कागदाशी पडताळले. दोन जसेच्या तसे. तिसरा वडूजजवळच्या एका वाडीच्या विहिरीचा. शनिवारी घाईत मी त्यात नायट्रेटचा आकडा पस्तीस घातला होता आणि विहीर योग्य ठरवली होती. विजयमालाताईंच्या हस्ताक्षरातली मूळ चिठ्ठी फाइलीत होती, तिच्यावर स्पष्ट त्रेपन्न. सही झालेल्या अहवालात त्रेपन्न केलं होतं आणि खाली लिहिलं होतं, पिण्यास अयोग्य.

चोराने माझी चूक सुधारली होती. वाडीतली पोरं ते पाणी प्यायली असती, हे मनात यायला हवं होतं. ते नंतर आलं. आधी मला राग आला.

३

सयाजीराव फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सिग्नलमध्ये होते, त्यामुळे गुप्त संदेशांची त्यांना माझ्यापेक्षा जुनी ओळख. ऑफिसच्या दाराला दोनच किल्ल्या होत्या, एक त्यांच्याकडे आणि एक माझ्याकडे. कुलूप शाबूत होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं की वाक्य आणखी कुणाला ठाऊक आहे. मी म्हणालो, कुणालाच नाही. मग म्हणालो, बायकोला. तिनेच रचलंय.

त्यांनी कागदाची घडी घालून मला परत दिली.

“किल्ली चोरीला जात न्हाई, गड्या,” ते म्हणाले. “दिली जाती. फौजेत तीस वरस हेच बघितलं.”

त्यांनी मला आठवडा दिला. आठवड्यात उलगडा झाला नाही तर दोन वर्षांतल्या माझ्या सगळ्या सह्या रद्द धरायच्या. ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. ‘दिली जाती’ एवढे दोन शब्द घेऊन मी घरी गेलो.

आमच्या दोन खोल्या रंगुबाईंच्या घरामागे होत्या, ऑफिसपासून पायी पंधरा मिनिटांवर. रंगुबाई एकट्याच, पुढच्या भागात राहायच्या. अंजना बालवाडी सुटल्यावर साडेअकरापर्यंत घरी यायची. मी गेलो तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. मी चप्पल न काढताच विचारलं, उखाणा कुणाला सांगितलास.

तिला आधी कळलंच नाही. मग ती हसली आणि म्हणाली, काल तुमालाच की. काल दुपारी मी घरी आलो होतो, असं तिचं म्हणणं. बाराच्या आत आलो, माठातलं पाणी प्यायलो, उंबऱ्यात बसलो आणि म्हणालो, तो उखाणा पुन्यांदा म्हण, लय दिवस ऐकला न्हाई. तिने म्हटला. मी ऐकला आणि ऑफिसात काम आहे म्हणून निघून गेलो.

मी म्हणालो, काल मी वडूजला होतो. ती म्हणाली, व्हय, जाताना सांगितलंसा, म्हणून तर मला नवल वाटलं. मग मी जे बोललो ते इथे पुरतं लिहीत नाही. माझी भाषा ऑफिसात शुद्ध असते, रागात ती गावची होते. कोण आला होता, किती दिवस येतोय, असलं सगळं विचारलं. बोलताना मला वाटत होतं की माझ्याशी दगा झालाय आणि मला हे विचारायचा हक्क आहे.

अंजनाने शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

“उखाणा धन्याला सांगत्यात,” ती म्हणाली. “दुसऱ्या कुणाला सांगून काय करायचंय त्याचं?”

त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, पाणी द्यायची, सगळं हातानेच.

४

बुधवारी सकाळी मी संगणकापुढे बसून वाक्य टाइप केलं आणि बोटं मध्येच थांबली.

उखाणा मराठी, पण टाइप करायचा इंग्रजी अक्षरांत. आणि मी तो पहिल्या दिवशी चुकीचा टाइप केला होता. बाभळीत एक एल हवा तिथे दोन पडले होते, आणि कवाडचा के मोठा झाला होता. मग तसाच ठेवला, उलट बरंच झालं म्हणून. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अंजनालाही नाही. तिला टाइप करता येत नव्हतं आणि मी कधी दाखवलं नव्हतं. तिने अगदी गावभर तो उखाणा सांगितला असता, तरी माझं कुलूप कुणाला उघडलं नसतं. तीनदा चुकून दार बंद झालं असतं.

म्हणजे तिचा काही दोष नव्हता. हे मला बुधवारी सकाळी साडेदहालाच कळलं, हे मी कबूल करतो.

पण मग कोण? माझी शहाणी बुद्धी मला एकामागून एक कारणं पुरवत होती. कुणीतरी माझ्या मागे उभं राहून माझी बोटं बघितली असतील. फोनच्या तारेवर कुणी कान लावला असेल. अंजना म्हणते तो मी, म्हणजे तिला उन्हाने झालेला भास असेल. भासाने माठातलं पाणी कमी होत नाही, पण मी तिकडे दुर्लक्ष केलं.

घरी जाताना रंगुबाई अंगणात वाळवण राखत बसल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं की सोमवारी दुपारी आमच्याकडे कुणी आलं होतं का.

“तुमीच आलासा की,” त्या म्हणाल्या. “पायातली चप्पल घासत आलासा. म्या म्हणलं, आंगठा शिवून घ्या आता.”

माझ्या डाव्या चपलेचा अंगठा महिनाभर तुटला होता. तारेने बांधून चालवत होतो, म्हणून ती घासायची. मी मान डोलावली आणि मनात म्हणालो, दोघींनी संगनमत केलंय. पुढच्याच पावलाला माझी चप्पल अंगणातल्या फरशीवर घासली आणि मला ते म्हणणं पुढे रेटता येईना.

अंजनाची माफी मागायला हवी होती. तोंडाशी आलं होतं. पण एकदा माफी मागितली की ती खरं बोलतेय असं मान्य करावं लागतं, आणि ती खरं बोलतेय असं मानलं की सोमवारी माझ्या माठातलं पाणी कोण प्यायलं हे विचारावं लागतं. म्हणून मी म्हटलं, आधी उलगडा करू, मग बोलू. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी तिने माझ्या ताटात भाकरी ठेवताना हात जरा थांबवला, वाट बघितल्यासारखा. मी कालवण वाढ म्हणालो.

शनिवारी मी किल्लीचं वाक्य बदललं. नवं वाक्य कुणाला सांगितलं नाही, मनातल्या मनातही पुन्हा म्हटलं नाही, आणि इथेही लिहिणार नाही.

५

पुढच्या सोमवारी मी मुद्दाम वडूजला गेलो. मनाशी हिशेब सोपा होता. मी तिथून फोनच्या तारेने सांगलीच्या संगणकात शिरणार आणि बारा वाजता आत कोण बसलंय ते बघणार. सयाजीरावांना सांगून गेलो. अंजनाला सांगितलं तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून दुधाला आलेली उकळी बघत होती.

विजयमालाताईंनी मला त्यांची खुर्ची दिली आणि शेजारी स्टुलावर बसल्या. बाराला पाच कमी असताना लाइन लागली. मी यादी मागवली. आत मी होतो, वडूजहून फोनवर. आणखी कुणी नाही. बारा वाजले. बारा वाजून चार मिनिटांनी पुन्हा यादी मागवली. आता दोन ओळी होत्या आणि दोन्हींत नाव एकच. एक कपिल, वडूजहून. एक कपिल, सांगलीच्या संगणकापुढच्या कीबोर्डवर, किल्ली उघडून बसलेला.

“सर, ह्ये दोन्ही तुमीच हायसा की,” विजयमालाताई म्हणाल्या. त्यांना वाटलं, मी काहीतरी प्रयोग करून दाखवतोय.

त्या संगणकात एक सोय होती. दोन माणसं आत असली की एकमेकांना लिहून बोलता यायचं. पडद्याचे दोन भाग व्हायचे, वर आपलं लिहिणं आणि खाली समोरच्याचं, अक्षर न् अक्षर उमटताना दिसायचं. मी हाक दिली. लगेच पडदा दुभंगला.

मी लिहिलं, कोण?

खाली उमटलं, मी.

मी लिहिलं, नवं वाक्य तुला कुठून कळलं? खाली अक्षरं आली, माझ्याच गतीने. मी दोन बोटांनी टाइप करतो, मध्ये मध्ये थांबतो, तसंच.

छत्री घरीच विसरलास. वडूजला ऊन फार असेल.

ऊनमधला एन दोनदा पडला होता, घाईत माझा पडतो तसा. मी कीबोर्डवर हात ठेवून बसून राहिलो. विजयमालाताईंनी विचारलं की पंखा वाढवू का. मी नको म्हणालो असेन. खाली आणखी एक ओळ आली.

मी निघतो. तिची माफी मागायची राहिली आहे.

यादीतली दुसरी ओळ गेली. मी मोडेम तोडलं आणि त्याच फोनवरून ऑफिसला नंबर लावला. सयाजीरावांनीच उचलला. मी कपिल बोलतोय, वडूजवरून, म्हणालो.

“वडूजवरनं कसा रं? आत्ता तर माझ्यासमोरनं उठून गेलास. जाणं रद्द केलं म्हणलास.”

मी फोन ठेवला. पंधरा मिनिटं नुसता घड्याळाकडे बघत राहिलो, कारण ऑफिसपासून घर पंधरा मिनिटांवर आहे. विजयमालाताईंनी पुढ्यात ठेवलेल्या पाण्याला मी हात लावला नाही. मग रंगुबाईंच्या घरचा नंबर फिरवला.

रंगुबाई फोनवर मोठ्याने बोलायच्या. मी आवाज बदलून विचारलं, कपिल घरी आहेत का. त्या म्हणाल्या, हायती की, आत्ताच आल्यात, हातात कलिंगड हाय. बोलवू का? मी नको म्हणेपर्यंत त्यांनी फोन टेबलावर ठेवला होता. लांबून त्यांची हाक ऐकू आली, आवं कपिलराव, तुमचा फोन हाय. मागच्या दाराची कडी वाजली. मग अंगणातून पावलं येऊ लागली. एक पाऊल नीट, एक घासत. एक नीट, एक घासत.

मी टेबलाखाली माझ्या पायांकडे बघितलं. डाव्या चपलेची तार तिथेच होती, अंगठ्याला रुतलेली.

पावलं फोनपाशी थांबली. कुणीतरी रिसीव्हर उचलला. श्वास ऐकू आला आणि बोलण्याआधी मी घसा खाकरतो तसं कुणीतरी खाकरलं. मी फोन आपटला.

६

वडूजहून सांगलीला यायला साडेतीन तास लागतात. विट्याच्या स्टँडवर एस.टी. वीस मिनिटं उभी राहिली आणि ड्रायव्हर उसाचा रस पीत बसला. मी खिडकीतून त्याच्याकडे बघत होतो आणि मनात एकच वाक्य म्हणत होतो, चुकलं माझं, अंजना, चुकलं माझं. किल्ली, सह्या, नोकरी, सगळं गेलं तरी चालेल असं मला पहिल्यांदाच वाटत होतं. तिने दार उघडावं आणि मी ते वाक्य म्हणावं, एवढंच पाहिजे होतं.

साडेचारला अंगणात शिरलो. ऊन अजून चटका देत होतं. रंगुबाई वाळवण गोळा करत होत्या. मला बघून त्यांनी आमच्या बंद दाराकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. हातातलं सुपडं त्यांनी छातीशी धरलं आणि घरात जाऊन दार लावून घेतलं.

आमच्या दारापुढे कलिंगडाची साल पडली होती, दोघांनी खाल्लेली. कवाड जुनं, बिजागऱ्या सैल; कितीदा ठोकल्या तरी ढिल्याच. आतून कडी होती. मी हाक मारली. काही वेळाने आतून बांगड्या वाजल्या आणि अंजना दाराच्या पलीकडे येऊन उभी राहिली. तिचा श्वास मला फटीतून ऐकू येत होता.

मी म्हणालो, अंजना, मी आलोय, दार उघड.

“हळू बोला,” ती म्हणाली. “झोपल्यात.”

कोण, हे मी विचारलं नाही. कवाडाच्या दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती. तिला डोळा लावला. अंजनाच्या खांद्यापलीकडे आतल्या खोलीतला खाटेचा शेवट दिसत होता. खाटेवर दोन पाय होते. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी तारेचा लाल वळ उमटला होता.

अंजना हलली आणि फट बुजली.

मी तिला सगळं सांगायला लागलो, वडूज, पडदा, फोन, एकात एक गुंतवून. तिने मला पुरं बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली की त्यांनी दुपारी सगळं समजावून सांगितलंय. जुना उखाणा फुटलाय. कुणीतरी त्यांच्याच तोंडवळ्याचा माणूस येईल, तोच उखाणा म्हणेल. म्हणून आज दोघांनी मिळून नवा केला.

“तुमचाच नियम हाय म्हणं,” ती म्हणाली. “फुटला की बदलायचा. आता नाव घ्या, मग दार उघडते.”

मी उभ्या जागी उखाणे रचले. पहिल्यात वडूज घातलं, दुसऱ्यात तिची बालवाडी, तिसऱ्यात कलिंगड. कडी निघाली नाही. तीन झाले होते. पुढे काय असतं हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

मग मी वाटेत साडेतीन तास घोळवलेलं वाक्य म्हणालो. चुकलं माझं, अंजना. मंगळवारी मी तुझ्यावर वहीम घ्यायला नको होता.

मला वाटलं, कडी निघतेय. लाकडावर तिची बोटं फिरल्याचा आवाज आला, माझ्या चेहऱ्यासमोर, एका फळीच्या अंतरावर.

“म्हंजे मंगळवारी आलेला तुमीच व्हय,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला भीती वाटली. “माझं धनी मला तसं बोलणार न्हाईत. म्या आठ दिस हेच म्हणत व्हते.”

मी म्हणालो, मीच तुझा धनी. मी माफी मागतोय की.

“त्यांनीबी मागितली,” अंजना म्हणाली. “पर त्यांनी आधी मागितली.”

बांगड्या आत गेल्या. मी कवाडावर तळहात टेकून उभा राहिलो, जोर लावण्यासाठी की पडू नये म्हणून, कुणास ठाऊक. अंगणात कुणी नव्हतं. ऑफिसात या वेळी प्रिंटरमधून कागद लोंबत असेल, आणि त्यावर काय छापलं असेल ते मला ठाऊक होतं.

मग आतून आवाज आला. सुरुवातीला बारीक, नंतर जड, घशातून निघणारा, मध्येच अडकून पुन्हा सुटणारा. चार वर्षं मी शपथेवर नाकारत आलो होतो. घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं कधी ऐकू येत नाही, असं अंजना म्हणायची.

मला ते स्पष्ट ऐकू येत होतं. माझ्या तळहाताखाली कवाड हलत होतं.